सत्यता सारणी जमते, सिद्धता जमत नाही

गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहात, सत्यता सारण्या (विधानं खरी-खोटी धरून जोडविधान केव्हा खरं ठरतं याचे तक्ते) बिनचूक भरता, पण अ‍ॅनालिसिसची, म्हणजे मर्यादा, मालिका, सांतत्य यांच्या गणिताची, सिद्धता लिहायला बसलं की पेन चालत नाही. तर आधी तर्कशास्त्राचं वेगळं पुस्तक करावं का, असं विचारलंय. माझ्या मते नको. सारणी भरणं यांत्रिक काम आहे, तुमचं घोडं अडलंय ते दुसरीकडे.

'जर–तर'चा घोळ त्यातल्या त्यात सोपा. "अभ्यास केलास तर खेळायला सोडीन" यातून मूल "नाही केलास तर नाही" हेही ऐकतं, आणि व्यवहारात ते बरोबरच असतं. गणितात ही सवय नडते. मालिका (एकापुढे एक पदांची न संपणारी बेरीज) अभिसारी असेल, म्हणजे बेरीज एका ठरावीक संख्येकडे जात असेल, तर तिची पदं शून्याकडे जातात, हे प्रमेय. पेपरात ते सर्रास उलटं वापरलं जातं. १ + १/२ + १/३ + … आठवा: पदं शून्याकडे जातात, बेरीज मात्र कोणतीही मर्यादा ओलांडते.

खरी मेख आहे 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांच्या क्रमात. क्रमिका (ओळीने येणाऱ्या संख्यांची न संपणारी यादी) सीमित असणं म्हणजे: असा एक आकडा आहे, की प्रत्येक पद चिन्ह सोडून त्याच्या आत राहतं. आता अदलाबदल करा: प्रत्येक पदासाठी असा एक आकडा आहे, की ते पद त्याच्या आत राहतं. हे तर १, २, ३, ४… लाही लागू पडतं, दर पदाला नवा आकडा घ्या की झालं! भलेभले इथे घसरलेत. सतत फलांच्या (ढोबळपणे, ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा फलांच्या) अभिसारी मालिकेची बेरीजही सतत असते, असं फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये सिद्धतेसकट मांडलं. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने त्याला अपवाद दाखवला. घोळ तोच, क्रमाचा: किती पदं घेतली की पुरे, हा आकडा दर बिंदूला वेगळा असू शकतो; सगळ्या बिंदूंना एकच आकडा पुरला तर ते एकसमान अभिसरण. ते वेगळं का शिकवतात, ते इथे कळतं.

तेव्हा सराव एवढाच करा: नवी व्याख्या आली की तिचा नकार स्वतःच्या वाक्यात लिहायचा, 'नाही' हा शब्द न वापरता. "क्रमिका शून्याकडे जाते" याचा नकार पुष्कळजण "पदं शून्यापासून लांब राहतात" असा लिहितात. ०, १, ०, १… वर तपासून बघा, निम्मी पदं शून्यच आहेत. नीट वाक्य असं: एक ठरावीक अंतर असं आहे, की कितीही पुढे गेलं तरी त्यानंतर शून्यापासून निदान तेवढं लांब असलेलं पद सापडतंच. इथे १/२ चालतं. पुढे सांतत्याच्या व्याख्येवर हेच करा. तिथे एप्सिलॉन-डेल्टा (उत्तरातल्या आणि चलातल्या फरकाची दोन छोटी अंतरं) येतात, वेळ लागेल.