मुलगी नॉमिनी आहे. दिव्यांग मुलासाठी तेवढं पुरेल का?

प्रश्न : साताऱ्याचा निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहे, वय ६९. पत्नी हयात नाही. मुलगा ३४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, माझ्याजवळ असतो. मुलगी पुण्यात, विवाहित, तिला दोन मुलं. राष्ट्रीयीकृत बँकेत ३० लाखांच्या एफडी आहेत, त्यात मुलगी दुसरी धारक आहे (आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे हयात राहील तो पैसे काढू शकतो). नागरी सहकारी बँकेत १३ लाख, पतसंस्थेत ९ लाख आणि बचत खात्यात ६ लाख. तिथे मुलगी नॉमिनी. एवढं पुरेसं आहे, की ट्रस्ट करावा?

उत्तर : सर, मुलीवर तुमचा विश्वास आहे आणि तो योग्यच असणार. पण नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे स्वीकारणारी व्यक्ती, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक खात्यांबाबत हे स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने दोन्ही मुलांना निम्मा निम्मा वाटा. मुलाचा निम्मा वाटा मुलीच्या हातात येईल, पण त्याच्या वतीने सही करायचा अधिकार तिला नसेल.

मग सगळं मुलीलाच देऊन टाकावं, असं वाटेल. तसं अजिबात करू नका. पैसे तिच्या मालकीचे झाले आणि उद्या तिचंच काही बरंवाईट झालं, तर तिचे वारस तिची मुलं आणि पती. भावाला त्यातला एक रुपयाही हक्काने मिळणार नाही.

म्हणून ट्रस्ट हवा, पण आज नाही, मृत्युपत्रातून. आत्ताच केलात तर ट्रस्टचा वेगळा पॅन, वेगळं विवरणपत्र, आणि त्या ठेवींवरचा ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदरही जाईल. शिवाय विश्वस्तांच्या मर्जीने खर्च करणाऱ्या खासगी ट्रस्टला एरवी कमाल दराने कर लागतो. मृत्युपत्राने केलेला एकच ट्रस्ट असेल तर मात्र नेहमीच्या टप्प्यांनुसार आकारणी होते. एकच, हे महत्त्वाचं. नातवंडांसाठी त्याच मृत्युपत्रात दुसरा करायला जाऊ नका. ४० लाख ट्रस्टमध्ये गेले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला २ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला साधारण २१,६०० रुपये. महागाई पाहता सगळं व्याज दरवर्षी खर्च होऊ नये, हेही मृत्युपत्रात लिहा.

विश्वस्त किमान दोन ठेवा : मुलगी आणि वयाने लहान असलेला एखादा भरवशाचा नातेवाईक. त्यांच्यानंतर कोण, दरवर्षी हिशेब कोण तपासणार, आणि मुलाच्या पश्चात उरलेली रक्कम कोणाला, हे तिन्ही नावानिशी हवं. मृत्युपत्रात एफडीचे नंबर देऊन थांबू नका. नूतनीकरणात ते बदलतात. ‘कोणत्याही बँकेतील आजच्या व पुढील सर्व ठेवी’ असं लिहा. दोन साक्षीदार हवेत, आणि ते लाभार्थी नसावेत. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा.

आता बँकेतलं काम. नामनिर्देशन व्यक्तीच्या नावे होतं, ट्रस्टच्या नावे नाही. त्यामुळे मुलगीच नॉमिनी आणि तीच मृत्युपत्राची व्यवस्थापक (एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी), ही जोडी सोयीची. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक. तुम्ही क्रमवार पर्याय घ्या : पहिली मुलगी, दुसरा तो नातेवाईक विश्वस्त. मुलाला नॉमिनी करू नका. त्याच्या सहीशिवाय पैसे अडकतील.

संयुक्त एफडीत नॉमिनीचा प्रश्न दोघांच्याही पश्चातच येतो, म्हणून तिथे तिसरं नाव लागेल. याच एफडीत एक अडचण दडलेली असते. तुम्ही मुदतीआधी गेलात आणि मुलीला पैसे लगेच हवे असतील, तर बँक सहसा इतर वारसांची संमती मागते. मुलगा ती देऊ शकत नाही. यावर उपाय आत्ताच करता येतो : ‘एकाच्या मृत्यूनंतर हयात धारकास मुदतपूर्व रक्कम द्यावी’ असं दोघांच्या सह्यांचं पत्र प्रत्येक एफडीसाठी द्या आणि पोच घ्या. बचत खात्यातही मुलीचं नाव आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणून जोडा. ट्रस्ट उभा राहीपर्यंत घरखर्च त्या सहा लाखांतून भागेल.

नागरी सहकारी बँकेतल्या १३ लाखांपैकी ठेव विम्याचं (बँक बुडाल्यास मिळणाऱ्या भरपाईचं) संरक्षण पाचच लाखांना आहे, आणि पतसंस्थेच्या ९ लाखांना तेही नाही. मुदत संपेल तशा पतसंस्थेतल्या ठेवी बाहेर काढा, नागरी बँकेत पाच लाखांच्या आत राहा.

एक काम मात्र याहूनही निकडीचं आहे. मुलगा अठराचा झाल्यापासून कायद्याने तुम्हीही त्याचे पालक नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. आणि स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडून मुलाचं नाव पेन्शनच्या कागदपत्रांत नोंदलं आहे का, ते या महिन्यातच पाहा.