वाचकांचे प्रश्न : अपाचींमधील लुथरन मिशन ओस का पडले?

प्रश्न : अमेरिकेतील अपाची जमातीत लुथरन पंथाच्या मिशनऱ्यांनी वसवलेले मिशन पुढे सोडून देण्यात आले, असे वाचनात आले. त्याचे कारण काय? आमच्या शरणपूरच्या मिशनशी त्याचे काही साम्य आहे का?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : हे मिशन सर्वस्वी बंद पडले, ही समजूत बरोबर नाही. विस्कॉन्सिन सिनॉड या अमेरिकेतील लुथरन चर्चसंघटनेने जॉन प्लॉकर आणि जॉर्ज अडाशेक या दोघा तरुण पाद्रींना 1893 मध्ये ॲरिझोनातील सॅन कार्लोस येथे पाठवले, तेव्हापासून पेरिडॉट, ईस्ट फोर्क, व्हाइटरिव्हर अशा ठिकाणी ते काम पसरत गेले आणि आजही चालू आहे. ओस पडले ते जुने सॅन कार्लोस, आणि त्याला कारण धर्माचे नसून पाण्याचे होते. गिला नदीवर कूलिज धरण बांधले गेले, 1930 मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि हे गाव धरणात गेले. सरकारी कचेरी वरच्या अंगाला असलेल्या राइस येथे हलवण्यात आली व त्या गावालाच सॅन कार्लोस हे नाव देण्यात आले. पुरलेली प्रेते उकरून हलवण्यास अपाचींचा विरोध असल्याने दफनभूमीवर काँक्रीटचा थर घालण्यात आला. मुळात त्या रखरखीत पट्ट्यात हे लोक राजीखुशीने आले नव्हते. 1875 च्या हिवाळ्यात यावापाई ही शेजारची जमात आणि टोंटो अपाची मिळून सुमारे दीड हजार माणसांना कॅम्प व्हर्डेहून डोंगर तुडवत तिथे आणले गेले आणि वाटेत शंभरावर माणसे दगावली.

अशा समाजाने परक्या उपदेशकांवर चटकन विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची होती. 1911 मध्ये आलेले मिशनरी एडगर गुंथर आणि त्यांच्या पत्नी मिनी यांना जे यश मिळाले, त्यात प्रवचनांपेक्षा शुश्रूषेचा वाटा मोठा होता, असे आमचे मत आहे. आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ तिथेही पोहोचली, तेव्हा गुंथर यांनी घरोघर जाऊन रुग्णांची सेवा केली. त्यांत अल्चेसे हे अपाची प्रमुखही होते. अमेरिकी लष्कराकडून 1875 मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ हे शौर्यपदक मिळवलेल्या या वृद्ध प्रमुखाने पुढे आपल्या अनेक लोकांसह बाप्तिस्मा घेतला. मात्र त्याच काळात सायलस जॉन एडवर्ड्स या अपाची उपदेशकाने स्वतंत्र प्रार्थनापंथ उभा केला. त्याच्या प्रार्थना लिहिण्यासाठी त्याने स्वतःची चिन्हलिपी वापरली आणि ती 1904 मध्ये दृष्टान्तात मिळाल्याचे तो सांगे. मिशनला टक्कर द्यावी लागली ती अशा घरच्या पर्यायाशी.

शरणपूरशी तुलना फार ताणता येणार नाही. ते अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवलेले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिकवले जाई, आणि आफ्रिकेत मरण पावलेला संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे शव किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांतील जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. 1875 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसले, तेव्हा नाशिकचे बरेच आफ्रिकी तिकडे गेले.

खरोखर सोडून दिलेले लुथरन मिशन पाहायचे असेल, तर अपाचींऐवजी मिशिगनमधील ओजिब्वे लोकांकडे वळावे लागेल. पाइन नदीकाठी एडुआर्ड बायरलाइन या मिशनऱ्यांनी 1840 च्या दशकाच्या अखेरीस बेथनी ही वस्ती उभारली, ओजिब्वे भाषेत पाठ्यपुस्तक केले. परंतु 1853 मध्ये जर्मनीतील लाइपझिग मिशनने त्यांना तमिळ प्रदेशात पाठवले. लगेच 1855 च्या कराराने ओजिब्वेंसाठी इझाबेला परगण्यात जमिनी राखून ठेवल्या आणि माणसे तिकडे निघून गेली. बायरलाइन यांच्या जागी आलेले मीसलर ओजिब्वेंच्या मागोमाग गेले खरे, पण तिथे मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचा जम आधीच बसला होता आणि लुथरन मिशन तगले नाही. बेथनीची दफनभूमी तेवढी आज सेंट लुइस या गावाजवळ आहे.