रविवारी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर सापडत नाही आणि त्यात डॉक्टरांचा संप. पेशंट कुठं न्यायचा?

तुम्ही विचारलंय की डॉक्टर कामाचे तास जास्त म्हणून संप करतात, पण तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात संप नसतानाही रविवारी डॉक्टर दिसत नाही. मग हे जास्तीचे तास कुठले, आणि अशा वेळी पेशंट न्यायचा कुठं?

आधी संप कोणाचा आहे ते बघा. सगळे सरकारी डॉक्टर एका खात्याचे नसतात. बातमीत मार्ड म्हटलं असेल तर तो निवासी डॉक्टरांचा संप, म्हणजे मेडिकल कॉलेजात एमडी-एमएस करणाऱ्यांचा. ही कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला इथं त्याचा फटका बसतो. तुमचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, नागपूरचं डागा स्त्री रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य खात्याची, आणि पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना मॅग्मो. त्यामुळे मार्डच्या संपात पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय नेहमीसारखं चालू असतं, पण लोक टीव्ही पाहून सरळ खासगीत जातात आणि नको तो खर्च करून बसतात. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप असला तर उपकेंद्रातला सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, काही ठिकाणी लॅबवाला आणि स्टाफ नर्स नसते. कायम नोकरीतला डॉक्टर मात्र असतो. आयएमएचा (इंडियन मेडिकल असोसिएशन) बंद मुख्यतः खासगी दवाखान्यांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यावर मार्डचा संप चालू असतानाच १७ तारखेच्या शनिवारी सकाळी ६ पासून रविवारी सकाळी ६ पर्यंत आयएमएनेही बंद ठेवला होता. असं दोन्ही बाजूंनी अडणं क्वचित होतं, आणि तेव्हाही खासगीतली इमर्जन्सी बंदमधून वगळलेली होती.

आता रविवारचं. आठवड्याचे तास १६८. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, एका वेळी एकच डॉक्टर ठेवायचा आणि प्रत्येकाला ४८ तास काम द्यायचं म्हटलं तर साडेतीन माणसं लागतात. रजा, ट्रेनिंग, शिबिरं, कोर्टातली साक्ष धरली की पाच. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला साधारणपणे एक अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. त्यातला एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला, एक जागा बॉण्डवाल्या पोराची (एमबीबीएसनंतर सक्तीची सरकारी सेवा करणाऱ्याची), जो वर्ष भरलं की पीजीच्या अभ्यासाला निघून जातो. उरलेल्या दोघांच्या वाट्याला ८४-८४ तास येतात. मग ते ओपीडी दोघं मिळून काढतात, रात्री वाटून घेतात आणि रविवारी एक जण ऑन कॉल राहतो, म्हणजे क्वार्टरवर.

त्या एकाचा रविवार कसा जातो ते बघा. ओपीडी बंद, म्हणून खोकल्यापासून हार्ट अटॅकपर्यंत सगळे कॅज्युअल्टीत. दहाच्या सुमारास पोलीस पंचनामा घेऊन येतात, बॉडी शवागारात आहे, नातेवाईक बाहेर थांबलेत. साधं पीएम (पोस्टमॉर्टेम) असलं तरी तास-दीड तास; विहिरीतून काढलेली बॉडी असली की जास्त, कारण व्हिसेरा, म्हणजे तपासणीला पाठवायचे आतले अवयव, बरण्यांत भरून सील करायचा आणि त्याचे फॉर्म हातानं लिहायचे. हे चालू असताना दुसरा शिपाई दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला रक्ताच्या नमुन्यासाठी घेऊन उभा. लेबर रूममधून सिस्टरचा निरोप वेगळाच. बाकावर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्याला रिकामी खुर्ची दिसते. काही ठिकाणी डॉक्टर खरंच शुक्रवारी संध्याकाळी नागपूर-अमरावतीची गाडी धरतो, तेही आहे. फरक ओळखायचा असेल तर कॅज्युअल्टीत लावलेला ड्युटी चार्ट वाचा आणि सिस्टरला विचारा, आज ड्युटी कोणाची आणि डॉक्टर पीएमला गेलेत का. पीएममध्ये असेल तर गंभीर पेशंटसाठी त्याला बोलावता येतं. जिवंत माणूस आधी.

सीझरचं गणित आणखी अवघड. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघं एकाच वेळी लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी भूलतज्ज्ञ खासगीतला, दर केसमागे पैसे देऊन बोलावलेला. रविवारी तो लग्नाला गेला की बाई रेफर. असे सगळ्या तालुक्यांचे रेफर शनिवार-रविवारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जमतात. तिथंही सिनियर ऑन कॉल, एमआरआयची तारीख सोमवारची, आणि समोर उभा असतो पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. युनिटचा इमर्जन्सी दिवस असला की तो सकाळी लागतो, रात्रभर भरती घेतो आणि दुसऱ्या दिवशी राउंड, डिस्चार्ज, तपासण्या उरकून दुपारी सुटतो. सलग तीसेक तास. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ पेक्षा जास्त नको असं लिहिलंय. २०२३ च्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियमांत आकडा गायब होऊन 'वाजवी तास' उरले. २०२४ मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे सुधारणा म्हणून जो आकडा पुढे आला तोच जुन्या नियमाच्या दीडपट. संपाचं मूळ इथं आहे, आणि तुमच्या तालुक्यातल्या न भरलेल्या जागा त्याच मुळाला लागून आहेत.

इंग्लंडात २०१६ मध्ये ज्युनियर डॉक्टरांचा मोठा संप झाला तोही शनिवार-रविवारवरूनच. सरकारला आठवड्याचे सातही दिवस सारखी सेवा हवी होती आणि शनिवारचा बराचसा भाग नेहमीच्या पगाराच्या दरात धरायचा होता. डॉक्टरांचं म्हणणं, माणसं तेवढीच ठेवून ती सात दिवसांवर ताणली तर मंगळवार-बुधवार उघडे पडणार. २६ आणि २७ एप्रिलला सकाळी ८ ते ५ त्यांनी इमर्जन्सीतूनही अंग काढलं, तेव्हा सिनियर डॉक्टर कॅज्युअल्टीत उभे राहिले. आपल्याकडे कॉलेजात संपाच्या वेळी तेच होतं: असिस्टंट आणि असोसिएट प्रोफेसर कॅज्युअल्टी, आयसीयू, लेबर रूम ओढतात, ओपीडी मंदावते आणि ठरलेली ऑपरेशनं पुढं जातात. हर्निया, मोतीबिंदू, जुनी गुडघेदुखी घेऊन संपात नागपूरला जाऊ नका, भाडं वाया जाईल.

साप चावला तर मात्र संप असो, रविवार असो, जवळचं पीएचसी किंवा ग्रामीण रुग्णालय ओलांडून पुढं जाऊ नका. सापाचं औषध तिथंच असतं आणि पहिला डोस तिथंच लागायला हवा. घोणस किंवा फुरसं असलं तर रक्त गोठत नाही: काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करून बघायची. प्लॅस्टिकच्या नळीत ही टेस्ट चुकते. डॉक्टर येईपर्यंत सिस्टर एवढं करून ठेवू शकते, तसं तिला म्हणा. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते. सूज नसते, पोट दुखतं आणि पहाटे पापण्या जड होऊन खाली येतात. याला झोप समजून घरी ठेवलेले पेशंट दगावतात. विषाची लक्षणं दिसली की सुरुवातीचा डोस साधारण १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच, कारण विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. चावलेल्या जागी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका.

फवारणीच्या विषबाधेतही तेच, आधी जवळ. कपडे काढून साबणानं अंग धुवा, उलटी काढायला लावू नका आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात किती शेतमजूर गेले ते सगळ्यांना आठवत असेल. औषधाचं नाव कळलं तर डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो.

रेफर करताना चिठ्ठी न घेता निघू नका. तिच्यावर आल्याची आणि निघाल्याची वेळ, बीपी, नाडी, काय दिलं आणि किती दिलं, सापाच्या औषधाच्या व्हायल किती, हे हवंच; नाहीतर पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. ऑक्सिजन लागणारा किंवा बेशुद्ध पेशंट असेल तर भाड्याच्या बोलेरोपेक्षा १०८ बरी, तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर गाव, तालुका आणि जवळचा फाटा सांगा आणि तोच मोबाईल रिकामा ठेवा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ फुकट आहे. पुढं सरकारीत जागा नसेल तर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राला (तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) गाठा किंवा १५५३८८ वर विचारा. इमर्जन्सीत फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, रेशन कार्ड आणि आधार नंतर दाखवता येतं.

संपाची तारीख जाहीर झाली की घरात तीन गोष्टी बघा. बीपी, शुगर, टीबी, सिकलसेलच्या गोळ्या संपत आल्या असतील तर पीएचसीतून आधीच आणा. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. डायलिसिसवाल्यानं आपली पाळी आहे की नाही ते फोन करून विचारावं. आणि दिवस भरत आलेली बाई असेल, त्यात आधीचं सीझर, बीपी वाढलेला किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर शनिवारची वाट न बघता आशाताईला घेऊन शुक्रवारीच मोठ्या दवाखान्यात दाखवा. गडचिरोली, मेळघाटात माहेरघर असेल तिथं आधीच मुक्कामाला नेता येतं.

तक्रार करायची तर आरडाओरडा करून काही निघत नाही, आणि डॉक्टरवर हात टाकला तर २०१० च्या कायद्यानं तो अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार अधीक्षकाकडे, मग जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. पीएचसीची तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, मग जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. तारीख आणि वेळ घालून लेखी द्या, पोच घ्या. त्यासोबत माहिती अधिकारात चारच गोष्टी मागा: मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रतिनियुक्तीवर कोण कुठं आहे, शिवाय मागच्या तीन महिन्यांच्या रविवारचे ड्युटी चार्ट. हा कागद ग्रामसभेत किंवा आमदाराच्या टेबलावर ठेवला की 'डॉक्टर नसतो' या वाक्याला जे उत्तर मिळत नाही ते मिळायला लागतं, निदान प्रतिनियुक्ती रद्द होऊन एक माणूस तरी परत येतो.