इन्फ्रारेडमध्ये झाडं पांढरी आली, पण फोटो सपाटच दिसतो

तुमच्या तक्रारी तीन. कॅमेरा ७२० नॅनोमीटरचा करून घेतलाय, म्हणजे साधारण त्यापुढच्या तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशच तो टिपतो, पण कृष्णधवल केल्यावर सगळं एकाच फिकट करड्यात मिसळतं. आभाळ गडद करायला गेलं की दाणे (नॉइज) उठतात. आणि फोटोच्या मधोमध एक उजळ डाग दिसतो. यावर सॉफ्टवेअरमधला कुठला प्रीसेट (एका क्लिकवर लागणारी तयार सेटिंग्ज) वापरायचा, असं विचारलंय. प्रीसेट सांगत नाही, कारण मुख्य घोळ शटर दाबायच्या आधीचा आहे.

पानं पांढरी येतात ती हरितद्रव्य चमकतं म्हणून नव्हे. उलट ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश हरितद्रव्य जवळजवळ शोषतच नाही. तो पानात शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यात इकडून तिकडे उसळतो आणि बराचसा परत बाहेर येतो. त्यामुळे पोपटी पान आणि गर्द हिरवं पान यांतला फरक बराचसा पुसला जातो. वाळलेलं गवतसुद्धा चांगलंच उजळ येतं, पुष्कळशी फुलंही. म्हणजे जे रंग बघून तुम्ही चौकट ठरवली, ते रंग तिथे नाहीतच.

तुमचा तळ्याचा फोटो घ्या. पुढे गवत, पलीकडच्या काठावर झुडपं, त्यामागे झाडी. डोळ्यांना पिवळं, हिरवं, काळपट हिरवं असे तीन थर दिसले असतील. इन्फ्रारेडमध्ये तिन्ही चुन्यात बुडवल्यासारखे एकावर एक बसलेत. हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुटं करता येत नाही, कारण तिथे वेगळं काही नोंदलंच गेलेलं नाही. तुम्ही बसून फोटो काढलेला दिसतो, म्हणून गवताची पाती थेट झुडपांवर आली. कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरला असता तर गवत आणि झुडपं यांच्यामध्ये पाण्याची पट्टी उघडली असती. पाणी इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, शिवाय उंचावरून पाहिलं की त्यात झाडीऐवजी वरचं गडद आभाळ उतरतं. ती काळी पट्टी आली की दोन्ही पांढरे थर आपोआप सुटे झाले असते.

तेव्हा चौकट ठरवताना एकच बघायचं : पांढरं कशासमोर उभं आहे? पानांच्या मागे आभाळ, पाणी, सावली, काळा खडक यांपैकी काहीतरी हवं. खोड सहसा पानांपेक्षा गडद येतं, तेही उपयोगी. पानांमागे पानं असतील तर दोन पावलं सरका, नाहीतर तो फोटो सोडून द्या. मिररलेस (आरसा नसलेला, व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरचंच चित्र दाखवणारा) कॅमेरा असेल तर त्यात मोनोक्रोम लावून रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणारी फाइल, काढा; व्ह्यूफाइंडरमध्ये खरी उजळ-गडद मांडणी तिथल्या तिथे कळते.

आभाळाचं गणित सोपं आहे. हवेचे रेणू छोट्या तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या मानाने ८०० नॅनोमीटरचा प्रकाश साधारण दहापट कमी विखुरतो. म्हणून निरभ्र आभाळ काळवंडतं आणि ढग, त्यातले थेंब मोठे असल्याने, पांढरेच राहतात. सावल्याही याच कारणाने खोल येतात, कारण त्यांना उजेड मिळतो तो बराचसा आभाळाकडूनच. म्हणूनच दुपारचं जे ऊन बाकीचे लोक टाळतात, ते इथे चालतं. सूर्याकडे तोंड केलं तर मात्र आभाळ फिकटतं आणि भिंगातले चमकारे नेहमीपेक्षा जास्त त्रास देतात. पूर्ण ढगाळ दिवशी मी कॅमेरा बाहेरच काढत नाही.

डागाचं निदान लेन्समध्ये आहे. काही लेन्सच्या आतले लेप आणि भाग इन्फ्रारेडला आवरत नाहीत, आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जितकं बारीक कराल तितका डाग ठसठशीत होतो. उन्हातल्या सपाट भिंतीचे पूर्ण उघड्या छिद्रापासून एफ/१६ पर्यंत (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) फोटो काढा, तुमच्या लेन्सची मर्यादा कळेल. तसंही तरंगलांबी मोठी असल्याने बारीक छिद्रावर तपशील लवकर मऊ पडतात. मी एफ/८ च्या पुढे क्वचितच जातो.

आता दाणे. सेन्सर लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलमध्ये नोंद करतो. ७२० ला लाल चॅनेलमध्ये भरपूर प्रकाश पडतो, निळ्यात बराच कमी. नुसता एकत्रित, पांढरा हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) बघून भागत नाही; लाल चॅनेलचा बघा आणि तो उजवीकडे टोकाला लागणार नाही इतपत एक्स्पोजर वाढवा. व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरव्या गवतावर घ्या. लाइटरूम या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमधला व्हाइट बॅलन्सचा स्लायडर २००० केल्विनला अडतो, तेव्हा अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमधून आपल्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची फाइल) बनवून घ्या. ही खटपट कृष्णधवलसाठीही करायची, कारण त्यानंतर आभाळ तपकिरी-नारिंगी आणि पानं फिकट निळसर होतात, आणि तेवढ्याच फरकावर कृष्णधवल मिक्सचे (कुठला रंग किती उजळ करायचा ते ठरवणारे) स्लायडर चालतात. नारिंगी थोडा खाली आणा, थोडाच. तो शेवटपर्यंत ओढलात की आभाळात दाणे आणि चट्टे येणारच. उरलेला गडदपणा आभाळावर ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारी निवड) टाकून आणा. दाणे कमी करायचे तर ते कृष्णधवल करायच्या आधी, आणि फाइल १६ बिटमध्येच ठेवा. (८५० चा फिल्टर असता तर तिन्ही चॅनेल जवळपास सारखे आले असते आणि मिक्सरला कामच उरलं नसतं, नुसत्या कर्व्हवर, म्हणजे उजळ-गडदपणा बदलणाऱ्या वक्ररेषेवर, भागवावं लागलं असतं.)

कर्व्ह लावताना पानं पूर्ण पांढरी करू नका. ती ८० ते ८५ टक्के उजळपणावर थांबवा आणि सगळ्यात उजळ जागा ढगाच्या कडेला द्या. तसंच आभाळ ठार काळं नको, त्यात थोडा चढउतार राहू दे.

जुन्या फोटोंसारखी पानांभोवतीची धूसर चमक हवी, असंही तुम्ही शेवटी म्हटलंय. ती कोडॅकच्या एचआयई फिल्मची खूण. त्या फिल्मला मागून परतणारा प्रकाश अडवणारा थर नव्हता, म्हणून उजळ भागांच्या कडा पसरायच्या. २००७ मध्ये ती बंद झाली. डिजिटलमध्ये करायचीच तर सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या थराची (लेयरची) प्रत काढून ती धूसर करा, स्क्रीन मोडमध्ये (खालचं चित्र उजळवणाऱ्या मिश्रणात) १०-१५ टक्के ठेवा आणि मास्क लावून फक्त उजळ भागांपुरती उरू द्या. मी सहसा करत नाही. सेन्सरवर पानांच्या शिरा नीट आलेल्या असताना त्या पुसाव्यात असं वाटत नाही.