लिस्बनला शिफ्ट होतोय, आधी काय काय करून ठेवावं?

तुम्ही विचारलंय की मिस्टरांना लिस्बनच्या आयटी कंपनीची ऑफर आलीय, सोबत तुम्ही आणि सहा वर्षांची लेक, दोन-तीन महिन्यांत निघायचंय, तर तिथे गेल्यावर नक्की कुठून सुरुवात करायची. मी मूळची नाशिकची, २०१९ च्या नोव्हेंबरात आले, सध्या ओदिवेलशला राहते (मेट्रोच्या पिवळ्या लाइनचं शेवटचं स्टेशन, लिस्बनला खेटूनच पण भाडं जरा आवाक्यात). मी काय वकील नाही, अनुभवावरून सांगते.

समुद्र, ऊन, पिवळ्या ट्रामचे फोटो हे सगळं विसरा. पहिल्या वर्षी तुमचा जीव दोनच गोष्टी खाणार आहेत, कागद आणि दमट घर. बाकी सगळं आपोआप जमतं.

कागदांचं कसंय, वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही आणि लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही. घर भाड्याने घ्यायला निफ लागतो, बँकेला निफ आणि पत्ता लागतो, पत्ता मिळायला घर लागतं, आणि घरमालकाला इथल्या सॅलरी स्लिपा हव्या असतात ज्या तुमच्याकडे असणारच नाहीत. म्हणून सुरुवात निफपासून. हा नऊ आकडी टॅक्स नंबर, आपल्या पॅनकार्डासारखा, फिनांसस म्हणजे टॅक्स ऑफिसातून मिळतो, आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरसुद्धा विचारतात, बिलावर टाकू का म्हणून. तो भारतात बसूनही काढता येतो, कंपनीचा वकील असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या. मग निस, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा नंबर, तो नोकरी लागली की होतो, बऱ्याचदा कंपनीच करते. आणि तिसरा उतेंत नंबर, सरकारी दवाखान्याचा, तो तुमच्या एरियातल्या सेंत्रु द साउदमध्ये जाऊन काढायचा. नंबर मिळाला म्हणजे फॅमिली डॉक्टर मिळाला असं नाही हं, त्याला मोठी वेटिंग आहे, त्यामुळे कंपनी प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स देते का ते ऑफर सही करायच्या आधी विचारा. तोवर रात्री लेकीला ताप आला तर ८०८ २४ २४ २४ ही सरकारी हेल्पलाइन, आणि खरी इमर्जन्सी असेल तर ११२.

पत्त्याचा दाखला जुंता द फ्रेगेझियातून मिळतो, हे समजा आपलं वॉर्ड ऑफिस. माझं भाडेकरार तेव्हा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं, तर काउंटरवरची बाई म्हणाली की या भागातले दोन मतदार आणा जे सांगतील की तुम्ही इथेच राहता. आता मला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, मी कुणाला ओळखणार? शेवटी खालच्या कॅफेवाल्या काकांना विचारलं, जिथे रोज सकाळी उभ्या उभ्या कॉफी प्यायचे, तर त्यांनी ॲप्रन काढला, बायकोला हाक मारली, आणि दोघं सरळ माझ्याबरोबर चालत आले सही करायला. तेव्हापासून माझा सल्ला असा की बॅगा उघडायच्या आधी कोपऱ्यावरचं कॅफे पकडा. आणि करारावर दोघांचीही नावं घाला.

भारतातून निघताना लग्नाचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, पोलीस क्लिअरन्स, डिग्र्या, सगळ्यांवर अपोस्टील (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून आणा, इथून ते करणं म्हणजे डोक्याला ताप. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर सेम आहे का बघा. आपली मराठी पद्धत, स्वतःचं नाव मग नवऱ्याचं मग आडनाव, ही इथे कुणाला कळत नाही, मला एका ऑफिसात विचारलं की मधलं हे तर तुमच्या मिस्टरांचं नाव आहे, टायपिंगची चूक झालीय का, आणि मी वीस मिनिटं मोडक्या पोर्तुगीजमध्ये अख्खी नामकरण परंपरा समजावत बसले.

व्हिसाचं थोडक्यात. भारतातून मिळतो तो स्टिकर चार महिन्यांचा असतो, त्यात इथे येऊन आइमाच्या, म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, अपॉइंटमेंटला जायचं आणि रेसिडेन्स कार्ड घ्यायचं. आधी हे काम सेफ नावाचं खातं बघायचं, ते बंद होऊन २९ ऑक्टोबर २०२३ ला आइमा सुरू झालं आणि त्यांच्याकडे चार लाखांच्या आसपास प्रलंबित केसेस आल्या, त्यामुळे संयम ठेवा, प्रत्येक ईमेल, प्रत्येक पावती जपून ठेवा. टुरिस्ट म्हणून जा आणि तिथे कागद बनवा, असं जे यूट्यूबवर सांगतात ना, तो रस्ता जून २०२४ मध्ये बंद झालाय. मिस्टर आधी जातील आणि आम्ही मागून, हा विचार असेल तरी नीट चौकशी करा, २०२५ च्या ऑक्टोबरपासून कुटुंबाला बोलावण्याचे नियम कडक झालेत, कित्येकांना दोन वर्षं थांबावं लागतं, लहान मुलं असतील किंवा उच्चशिक्षित कॅटेगरीचा व्हिसा असेल तर सवलती आहेत. तिघांचं एकत्र जमतंय का ते वकिलाला आत्ताच विचारा. नागरिकत्वाचा हिशोब जुने व्हिडिओ बघून करू नका, तेही नियम बदलतायत. (गोव्याचं प्रकरण वेगळं आहे, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नोंदणी करून पासपोर्ट घेता येतो, पण मग भारताचा सोडावा लागतो. तुमचे आजोबा म्हापशाचे वगैरे असतील तर बघा!)

आता घर. इथे थंडी पडते. मला पण खरं वाटलं नव्हतं, मी नाशिकची, थंडी बघितलेली. पण नाशिकला बाहेर थंड असतं आणि घरात बरं असतं, इथे उलट आहे, जुन्या बिल्डिंगांत हीटिंग नाही, खिडक्यांतून वारा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस, त्यामुळे घरात स्वेटर घालून बसायचं आणि ऊन खायला बाहेर जायचं. पहिल्या जानेवारीत मी संक्रांतीला नेसायला म्हणून कपाटातून पैठणी काढली तर काठावर हिरवट-करडी बुरशी, कपाटाची मागची भिंत ओली, बोट लावलं की रंगाचा पोपडा हातात. मी अक्षरशः खाली बसून रडले. दुसऱ्या दिवशी डीह्युमिडिफायर आणला, रात्रभरात त्याच्या टाकीत दोन-अडीच लिटर पाणी. म्हणून घर बघायला जाल तेव्हा कपाटं उघडून आत वास घ्या, पलंगामागची भिंत बघा, ताज्या पांढऱ्या रंगाला भुलू नका, सप्टेंबरात सगळीच घरं छान दिसतात. दक्षिणेकडे तोंड असलेलं आणि दुहेरी काचेचं मिळालं तर शंभर युरो जास्त द्या पण घ्या.

इदेआलिस्ता या वेबसाइटवर घरं शोधा, टी-वन म्हणजे आपलं वन बीएचके. न बघता एक पैसा पाठवू नका, आमच्या ओळखीतल्या एकांचे असेच गेलेत. करार फिनांससमध्ये रजिस्टर करायला लावा, मालक 'त्याशिवाय स्वस्तात देतो' म्हणाला तरी.

ऑफर लेटरवर आकडा वर्षाचा असेल तर तो बाराने नाही, चौदाने भागा. इथे वर्षाला चौदा पगार, एक जास्तीचा सुट्टीचा, एक नाताळचा, आणि हातात येण्याआधी ११ टक्के सोशल सिक्युरिटी आणि वर टॅक्स जातो. गंमत म्हणजे 'पगार' आणि 'नाताळ' हे दोन्ही शब्द यांचेच, इथे पगार म्हणजे पैसे देणे. चावी, बटाटा, अननस, साबण, घमेलं, लेकीला पहिल्या दिवसापासून येतील. फक्त दारावर 'पूश' ऐकू येईल असं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ओढा असा आहे. मी सहा वर्षांनंतरही ढकलते.

शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते, सहा वर्षांची म्हणजे पहिलीत जाईल, सरकारी शाळेत घाला, पुस्तकं फुकट मिळतात आणि परदेशी मुलांना पोर्तुगीज वेगळं शिकवतात. लसींचं कार्ड आणा. डिसेंबरपर्यंत तीच तुमची दुभाषी होईल बघा.

व्हेज असाल तर 'सूपात मांस आहे का' हे वाक्य पाठ करा, कारण हिरव्या भाजीच्या सूपातही सॉसेजचा तुकडा तरंगतो आणि व्हेज सांगितलं तर काही जण प्रेमाने ट्यूना आणून देतात. डाळी, पीठ, मसाले लिस्बनमधल्या मार्तिम मोनिश भागात सगळं मिळतं. कुकर मात्र इंडक्शनवर चालणाराच आणा, ॲल्युमिनियमचा माझा अजून माळ्यावर पडलाय. तूप, पेढे, श्रीखंड बॅगेत घालू नका, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, हापूसही तसाच आणता येत नाही. गोडा मसाला चालतो, आणि तो इथे मला अजून कुठे सापडलेला नाही, त्यामुळे तुमच्या हिशोबापेक्षा अर्धा किलो जास्त आणा, कॉफी माझ्याकडून.