शॉर्ट सर्किटनंतर बाईक बिघडली? आधी मोजा, मग पार्ट बदला

फॉग लाइट जोडताना, बॅटरी बदलताना शॉर्ट झाला आणि गाडी बिघडली, अशी पत्रं सतत येतात. गोंधळ सगळ्यांचा सारखाच आहे, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : फॉग लाइट जोडताना उघडी वायर फ्रेमला टेकली. चावी फिरवली तर आता काहीच लागत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, गेला का?

आधी फ्यूज बघा.

प्रश्न : फ्यूज सारखा उडत होता. ओळखीच्या मेकॅनिकने तांब्याची तार घातली, आता गाडी उत्तम चालते. काही धोका?

ती तार आजच काढा. फ्यूज उडतो म्हणजे पुढे कुठेतरी वायर फ्रेमला लागते आहे. पंधराच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज घालणंही तितकंच वाईट. करंट दुप्पट झाला की वायरमध्ये उष्णता चौपट होते. फ्यूज उडत नाही म्हटल्यावर वायरच तापते, आवरण वितळून शेजारच्या वायरी चिकटतात आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली चालू असतं. ‘गाडी चालतेय ना’ हे उत्तर मला मान्य नाही.

शॉर्ट शोधायला महागडं यंत्र लागत नाही. फ्यूज काढून त्या जागी इंडिकेटरचा बल्ब जोडायचा, हेडलाइटचा कपलर काढायचा आणि चावी चालू करायची. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मग हँडल डावी-उजवीकडे वळवत वायरिंग हलवायचं. बल्ब जिथे एकदम मंदावतो, तिथे दोष. बहुतेक वेळा तो हँडलच्या मानेपाशी, टाकीखाली किंवा मागच्या मडगार्डमध्ये निघतो. काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि जागा सापडल्याशिवाय बिल देऊ नका.

प्रश्न : बॅटरी काही क्षण उलटी जोडली गेली. आता गाडी सुरू होते, पण रेस केल्यावर मिसिंग करते आणि दोन दिवसांत बॅटरी उतरते.

संशय रेक्टिफायरवर, म्हणजे इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करून देणाऱ्या भागावर. बॅटरी उलटी जोडली की त्यातल्या डायोडमधून थेट करंट वाहतो आणि ते जळतात. मल्टीमीटर बॅटरीवर लावा. चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन रेस केल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत. वाढलेच नाहीत तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेले तर गाडी चालवू नका. रेक्टिफायर घेण्याआधी वीज तयार करणारी कॉइल प्लेटही तपासून घ्या. तिच्यातून तीन पिवळ्या वायरी येत असतील तर प्रत्येक जोडीत रीडिंग सारखं हवं आणि एकीचाही अर्थिंगशी, म्हणजे फ्रेमशी, संबंध नको. ‘सेटच बदला’ म्हणणाऱ्याला आधी ही रीडिंग्ज लिहून मागा.

प्रश्न : बीएस-६ गाडी आहे. शॉर्टनंतर इंजिनचा दिवा पेटला. बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवली की ईसीयू ‘रिसेट’ होतो, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. करू का?

नका करू. दिवा विझलाच, तर त्याबरोबर ईसीयूने बिघाडाची नोंद म्हणून ठेवलेला फॉल्ट कोडही पुसला जाण्याची शक्यता असते. मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो आणि पैसे तुमचे जातात. चावी चालू केल्यावर फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज येतो का, एवढं ऐका आणि तो कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. ईसीयू बदलायला सांगितलं, तर त्याला येणारा सप्लाय आणि अर्थिंग तपासलं का, हे विचारा. गंजलेल्या अर्थिंगमुळेही गाडी अशीच झटके मारते.

प्रश्न : बॅटरी काढताना आधी कोणती वायर?

काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. मायनस सुटलेली असली की पाना प्लसवरून फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही. तिथला शॉर्ट फ्यूजच्या आधीचा असतो, फ्यूज तुम्हाला वाचवत नाही.

प्रश्न : शॉर्ट होऊन दोन महिने झाले. गाडी मध्येच बंद पडते, थोड्या वेळाने सुरू होते. सीटखाली जळका वास येतो. दिवाळीनंतर दाखवली तर चालेल?

नाही. बॅटरीची मायनस वायर आत्ताच सोडा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.