‘मऊ पण स्पष्ट’ मधला ‘पण’

सांगलीहून एका वाचकांनी विचारलं आहे. विश्रामबागेत त्यांचा फोटोचा स्टुडिओ आहे. नव्या मुलांना ते पोर्ट्रेट शिकवतात आणि त्यासाठी मराठीत टिपणं लिहीत आहेत. प्रश्न थोडक्यात असा: “चेहरा ‘सॉफ्ट तरीही शार्प’ कसा टिपायचा, या धड्याला मी ‘मृदू परंतु तीक्ष्ण’ असं नाव दिलं. मुलांना त्यातून काहीच कळेना. ‘मऊ पण स्पष्ट’ करून पाहिलं, तेही मिळमिळीत वाटतं. नेमका शब्द कोणता?”

आधी ‘तीक्ष्ण’ बाजूला ठेवू या. मराठीत तीक्ष्ण असते ती नजर, बुद्धी, सुरी. यातला तीक्ष्णपणा त्या गोष्टीच्या कामात असतो, दिसण्यात नसतो. ‘तिचे डोळे तीक्ष्ण आहेत’ म्हटलं की तिला लांबचं, बारीकसारीक दिसतं एवढं कळतं. तुम्हाला सांगायचंय ते नेमकं दुसऱ्या बाजूचं: तिचे डोळे बघणाऱ्याला पापणीच्या केसान् केसासकट दिसतात. तीक्ष्णाचंच घरगुती रूप ‘तिखट’. तिखट कानाचा माणूस म्हणजे ज्याला कुजबुजही ऐकू येते तो. त्याचे कान दिसायला कसे आहेत, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

दिसण्यातल्या शार्पपणाला आपल्याकडे ‘रेखीव’ आहे. रेखीव भुवया, रेखीव ओठ, रेखीव अक्षर. रेषा जिथे संपायला हवी तिथेच संपते, इकडेतिकडे फुटत नाही, हा त्याचा अर्थ. ‘ठळक’ मात्र इथे चालणार नाही, आणि हा भेद मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा असं मला वाटतं. ठळक म्हणजे उठून दिसणारं, काळं-पांढरं जोरात असलेलं. सॉफ्टवेअरमधली ‘क्लॅरिटी’ची पट्टी उजवीकडे सरकवली की मधल्या छटांमधला काळा-पांढरा फरक वाढतो. फोटो ठळक होतो. पण फोकस डोळ्याऐवजी कानावर पडला असेल तर डोळा त्याने रेखीव होत नाही. फिस्कटलेल्या शाईची अक्षरं ठळक असू शकतात, रेखीव नसतात.

आता ‘सॉफ्ट’. खरी अडचण या शब्दातच आहे. तुमच्याच स्टुडिओत हा शब्द दिवसभरात दोन उलट अर्थांनी वापरला जात असणार. ‘लाइट मस्त सॉफ्ट आहे’ ही शाबासकी. ‘फोटो सॉफ्ट आलाय’ ही तक्रार. पहिल्यात सावलीबद्दल बोलणं आहे, दुसऱ्यात फोकसबद्दल. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे सॉफ्ट आणि शार्प एकमेकांचे वैरी वाटतात आणि मग त्यांना जोडायला ‘तरीही’ लागतं. तुम्ही भाषांतर करताना तो ‘तरीही’ सोबत आणलात, त्याचा ‘परंतु’ केलात, मग ‘पण’. माझं म्हणणं असं की मराठीत इथे ‘पण’ची गरजच नाही.

माझ्या मामांचा मिरजेत स्टुडिओ होता. काळ्या-पांढऱ्या फिल्मचा जमाना. रात्री निगेटिव्ह उजेडाच्या चौकटीवर ठेवून ते टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचे. सुट्टीत मी शेजारी बसून बघायचे. छापलेल्या फोटोत जी सुरकुती काळी दिसते ती निगेटिव्हमध्ये पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीची शिशाची बारीक टिपकं भरली की छापताना त्या जागी उजेड कमी पोचतो आणि सुरकुती उजळते. हाताखालच्या मुलाला मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: “सुरकुती मवाळ कर, पुसू नको. पुसलीस तर म्हातारीला तिचा नातू ओळखायचा नाही.”

मवाळ आणि पुसट. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या जोडीत आहे. मवाळ झालेली रेषा जागच्या जागी असते, तिचा फक्त जोर उतरलेला असतो. पुसट रेषेची जागाच हरवते. तक्रारीतल्या ‘सॉफ्ट’ला मराठीत ‘पुसट’ म्हणा (हात हलल्यामुळे झालं असेल तर ‘फोटो हललाय’ आहेच), आणि शाबासकीतल्या ‘सॉफ्ट’साठी दुसरा शब्द घ्या. घोटाळा तिथल्या तिथे मिटतो.

शाबासकीतल्या सॉफ्टला मराठीत एक नव्हे, बरेच शब्द आहेत. ‘मऊ’ आणि ‘मृदू’ मुळात एकच: मृदूचं प्राकृतातून घासत आलेलं रूप म्हणजे मऊ. तरी वापरात ते वेगळे झाले. मृदू स्वभाव आणि बोलणं, मऊ कापूस आणि भात. सावलीची कड मला मऊ म्हणावीशी वाटते, कारण तिच्यावरून डोळा फिरतो तो स्पर्शासारखाच. ही कड किती मऊ, हे दिव्याच्या जोरावर नाही, चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड असला तरी इथून जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून दुपारी नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि ती कड विरून जाते. तोच सॉफ्टबॉक्स (दिव्यावर चढवलेली पांढऱ्या कापडाची पेटी) चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असताना मऊ असतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला की कठोर होतो. बदलतं ते त्याचं दिसणारं माप.

मग ‘कोवळं’. हा शब्द छायाचित्रकारांनी आवर्जून उचलावा, कारण तो प्रकाशासाठी मराठीत आधीपासून रुळलेला आहे. कोमलचं कोवळा झालं, जसं श्यामलचं सावळा, ग्रामचं गाव. मधला ‘म’ सैल होऊन ‘व’ होणं ही मराठीची जुनीच सवय. कोवळी पालवी, कोवळी काकडी, कोवळं ऊन. यात एक बारकावा आहे. सकाळचा सूर्य दुपारच्या सूर्यापेक्षा मोठा नसतो, तेव्हा निव्वळ मापाने बघितलं तर त्याची सावली फारशी मऊ असायला नको. तरी ते ऊन सोसवतं, कारण तिरप्या वाटेने जास्त हवेतून येताना त्याचा थेट जोर कमी झालेला असतो आणि त्यामानाने आभाळातून येणारा विखुरलेला उजेड सावलीत अधिक भरतो. कड तशीच राहते, सावलीचा काळेपणा कमी होतो. म्हणजे मऊ हे सावलीच्या कडेचं विशेषण, कोवळं हे प्रकाशाच्या जोराचं. आपल्या आज्यांनी अंगणात बाळाला ऊन दाखवताना जो शब्द वापरला, त्यात प्रकाशाचं एवढं नेमकं निरीक्षण आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तिसरा शब्द ‘नितळ’. माझं मत विचाराल तर तुमच्या धड्याचं नाव हेच असावं. मी साताऱ्याची. पावसाळ्यात माहुलीच्या संगमावर कृष्णा-वेण्णेचं पाणी गढूळ असतं. दिवाळीच्या पुढे ते निवळत जातं, नितळतं, आणि घाटाच्या खालच्या पायऱ्यांजवळ तळाचे गोटे दिसायला लागतात. पाणी मऊ असतं आणि गोटा रेखीव दिसतो. गोटा रेखीव दिसतो तो पाणी तसं आहे म्हणूनच. एकातून दुसरं येतं, मग ‘पण’ कशाला? नितळ कांती म्हणजे जिच्यावर डाग, गाळ नाही अशी, आणि तरी जिच्यातली बारीक लव, रंध्रं, गालावरची शीर दिसते अशी. मोबाइलमधलं ब्यूटी फिल्टर जे करतं ते नितळ नाही, ते ‘गुळगुळीत’. त्यात गोटेच उचलून नेलेले असतात. लग्नाच्या अल्बममध्ये हल्ली नवरी-नवऱ्याचे चेहरे मेणाचे दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं. आयुष्यभर जपायच्या फोटोत आईच्या कपाळावरची आठी राहायला हवी.

चेहऱ्याचा प्रत्येक भाग एकसारखा रेखीव असावा असंही नाही. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ १.४ वर (म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं ठेवून; आकडा वाढला की ते लहान होतं), दीड मीटरवरून फुल फ्रेम कॅमेऱ्याने फोटो घेतला तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम अडीच सेंटिमीटर. एफ ४ वर ती सात-साडेसात सेंटिमीटर होते. म्हणजे पहिल्या फोटोत जवळचा डोळा धरला की नाकाचं टोक आणि कान दोन्ही सुटतात. त्या सुटण्यालाही ‘पुसट’ म्हणू नका. डोळे रेखीव, कान ‘विरलेले’, मागची भिंत ‘धूसर’. पुसट ही चूक आहे. विरणं हे हळूहळू होतं आणि ठरवून करता येतं.

सॉफ्ट फोकसच्या खास लेन्स आणि फिल्टर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे फोकस चुकवलेला नसतो. लेन्समध्ये गोलीय विपथन नावाचा दोष (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळणं) मुद्दाम राखतात, त्यामुळे रेखीव प्रतिमा तळाशी तशीच राहते आणि तिच्यावर विखुरलेल्या प्रकाशाचा पातळ थर चढतो. कार्ल त्साइसच्या सॉफ्टार फिल्टरच्या काचेवर बारीक उंचवटे असतात. उंचवट्यांमधून जाणारा प्रकाश पसरतो, मधल्या सपाट काचेतून येणारा सरळ जातो. मामा हेच काम लेन्सवर मलमलीचं फडकं ताणून करायचे. मात्र फोटो काढताना. छापताना एन्लार्जरवर (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी करून पाडणाऱ्या यंत्रावर) मलमल लावली की परिणाम उलटतो: कॅमेऱ्यावर उजळ भाग काळ्यात पसरतो, एन्लार्जरवर काळा भाग उजळात सांडतो आणि चेहरा मळका दिसतो. या परिणामासाठी ‘साय’ म्हणून बघा. दूध तेच, वर पातळ साय. आणि उजेड पसरवणाऱ्या कापडाला किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याला ‘दुधी’ म्हणायला हरकत नाही. दुधी काच, दुधी बल्ब आपण म्हणतोच की.

तुमच्या शेजारच्या मिरजेत तर असा अनुभव कानाने रोज घेतात. तंबोऱ्याच्या घोडीची (तारा जिच्यावर टेकतात तिची) वरची बाजू कारागीर अगदी हलकी घासतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, आणि योग्य जागी आल्यावर तार गोल, भरलेली आणि त्याच वेळी झणझणीत वाजते. याला ते ‘जवारी’ म्हणतात. ‘मऊ परंतु तीक्ष्ण नाद’ असं कुठलाही सतारमेकर म्हणणार नाही. दोन्ही गुण एकाच नावात आहेत, म्हणून त्यांच्यात भांडण लागत नाही.

तेव्हा टिपणातलं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रकाश कोवळा, सावलीची कड मऊ आणि डोळे रेखीव असले की चेहरा नितळ येतो.’ धड्याचं नाव ‘नितळ चेहरा’.

तुम्ही पत्राच्या शेवटी डोळ्यातल्या ‘कॅचलाइट’लाही शब्द मागितला आहे. बुबुळावर खिडकीचा किंवा दिव्याचा तो जो छोटा उजेड उमटतो, त्याला ‘कवडसा’ म्हणा. कौलाच्या फटीतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडणारा उन्हाचा तुकडा ज्याने पाहिलाय, त्याला तो बुबुळात कुठे शोधायचा हे वेगळं शिकवावं लागणार नाही.